पानाचा समास : ताडपत्र ते ई-रीडर

मराठी भाषेत ‘समास’ ह्या एकाच शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ रूढ आहेत. व्याकरणात दोन पदांच्या एकत्रीकरणास समास म्हणतात, ‘दासबोधा’सारख्या जुन्या ओवीबद्ध ग्रंथात दशकाच्या पोटविभागास समास म्हणतात, आणि शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलास प्रथम ठाऊक होतो तो तिसरा अर्थ, म्हणजे वहीच्या डाव्या कडेला उभी रेघ आखून सोडलेली कोरी जागा. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या तिसऱ्या समासाचा. हिंदीत त्यास ‘हाशिया’ म्हणतात आणि समाजाने बाजूला ढकललेल्या माणसांसाठी तो शब्द रूपकाने वापरण्याची तिकडे प्रथाच पडून गेली आहे. आम्ही येथे तो मोह टाळला आहे. आम्हांस अभिप्रेत असलेला समास ताडपत्रावरचा, कागदावरचा आणि आता काचेच्या पडद्यावरचा खराखुरा समास असून त्याचे मोजमाप सेंटिमीटरमध्ये करता येते.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या काही वर्षांत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ग्रंथ आणि तिपिटकाची भाषांतरे विद्यार्थ्यांच्या खोल्यांत, प्रवासात, विहारांच्या वाचनालयांतही ई-रीडरवर वा मोबाईलवर वाचली जाऊ लागली आहेत. त्यांतील कित्येक ई-पुस्तके कार्यकर्त्यांनी पदरमोड करून, रात्रीचा दिवस करून तयार केलेली असतात. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि आमच्या पाहण्यात आलेल्या अनेक पुस्तकांत मजकूर पडद्याच्या मध्यभागी कोंबलेला आढळतो. वृद्ध उपासिकेने अक्षर मोठे केले की एका ओळीत दोनच शब्द उरतात. आणि संशोधक विद्यार्थी ज्या पृष्ठाचा आधार देतो ते पृष्ठ दुसऱ्या वाचकास सापडतच नाही. ही सर्व दुखणी समासाशी निगडित आहेत. समास का निर्माण झाला आणि त्याने कोणकोणती कामे केली, हे पाहिल्याखेरीज पडद्यावर तो किती ठेवावा ह्याचा निर्णय करता येणार नाही.

दोऱ्यासाठी सोडलेली जागा

भगवान बुद्धांचा उपदेश प्रथम लिहिला गेला नाही, तो मुखोद्गत करण्यात आला. सिंहली परंपरेनुसार इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, श्रीलंकेतील अलुविहार येथे तिपिटक लिपिबद्ध झाले. तत्पूर्वी दीर्घकाळ भाणक भिक्खूंनी ते कंठात सांभाळले. कंठातल्या ग्रंथाला पान नसते, म्हणून समासही नसतो. परंतु ‘हे वचन कोठे आहे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यालाही द्यावे लागते, आणि ते उत्तर ग्रंथाच्या रचनेतच गोवलेले आहे. निकाय, वग्ग, सुत्त अशी उतरंड. अंगुत्तर निकायात एकक, दुक, तिक अशी संख्येने चढत जाणारी मांडणी. आणि वग्गाच्या अखेरीस त्यातील सुत्तांची नावे गुंफणारे उद्दान. हा सर्व पत्ता सांगण्याचाच प्रकार होय. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

ताडपत्र स्वभावतःच लांबट व अरुंद. पाने सुटी राहू नयेत म्हणून त्यांना एक वा दोन छिद्रे पाडून त्यांतून दोरा ओवीत. दोऱ्याच्या घर्षणाने छिद्राभोवतालचा भाग झिजतो, प्रसंगी फाटतो, म्हणून लेखनिक छिद्राभोवती चौकोनी वा गोल जागा कोरी सोडीत असे. म्हणजे ताडपत्री पोथीत कोरी जागा केवळ कडेला नसून ऐन ओळीच्या मध्येही असते, आणि वाचणाऱ्याची दृष्टी ती जागा ओलांडून पलीकडे जाते. दोन्ही टोकांना सोडलेल्या समासाचे प्रयोजनही तितकेच व्यवहारी आहे. पोथीची टोके प्रथम झिजतात, प्रथम तुटतात, किडीचा प्रादुर्भाव बहुधा कडेकडूनच होतो. तेथे अक्षर नसले तर मजकूर वाचतो. समासाने स्वतः नष्ट होऊन वचन राखावयाचे, अशी ही योजना होती.

समासाचे दुसरे काम म्हणजे पानाचा क्रमांक धारण करणे. ब्रह्मदेशातील पाली पोथ्यांत हा क्रमांक अंकाने न देता अक्षराने देण्याची पद्धत होती : क, का, कि, की, कु, कू ह्या क्रमाने बारा पाने, नंतर ख, खा, खि. आमच्या मुलांनी पाटीवर गिरवलेली बाराखडी तिकडे पोथीच्या समासात बसून पाने मोजीत होती, हे वाचून कोणाही मराठी माणसास कौतुक वाटेल.

गांधार प्रदेशातील भूर्जपत्रांची कथा वेगळी आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने १९९४ साली मिळवलेल्या, खरोष्ठी लिपीतील, सुमारे इ. स. पहिल्या शतकातील गुंडाळ्या मातीच्या घटांत ठेवलेल्या होत्या. बौद्ध साहित्याची आज उपलब्ध असलेली ही अतिप्राचीन हस्तलिखिते होत. भूर्जाच्या सालीचे पापुद्रे सुटू लागतात, म्हणून ह्या गुंडाळ्यांच्या दोन्ही लांब कडांना, समासातून, दोऱ्याची शिवण घातलेली आढळून आली. येथे समास हा शिवणीसाठी राखलेला काठ आहे, लुगड्याच्या काठासारखाच.

पुढे कागद आला. कागदाला ओवण्याची आवश्यकता नव्हती, परंतु पश्चिम भारतातील जैन कल्पसूत्राच्या कागदी पोथ्यांत पानाच्या मध्यभागी दोऱ्याची जागा पूर्वीप्रमाणेच कोरी सोडलेली दिसते, आणि त्या ठिकाणी तांबड्या वा सोनेरी रंगाचे टिकले काढलेले असतात. छिद्र नाही, दोरा नाही, जागा मात्र आहे. तिबेटात तर कागदी ग्रंथांनी ताडपत्राचा लांबट आकारच कायम ठेवला. साधन बदलले तरी हाताची सवय कित्येक पिढ्या मागे रेंगाळते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आज ई-पुस्तक तयार करणारा तरुण छापील पुस्तकाचे चारही समास जसेच्या तसे फाइलीत उतरवतो तेव्हा तोही तेच टिकले काढीत असतो.

चीनमधील छापील ग्रंथांत वरचा समास खालच्यापेक्षा मोठा ठेवीत; वरच्यास ‘आकाश’ व खालच्यास ‘पृथ्वी’ ह्या अर्थाची नावे होती, आणि वाचकांची टिपणे बहुधा त्या आकाशात लिहिली जात. कोरियातील हैन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले तिपिटकाचे ८१ हजारांहून अधिक लाकडी ठसे आहेत. त्या ठशांच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकून धातूने जखडले आहे. फळी वाकू नये आणि एकमेकींवर ठेवताना अक्षरे घासू नयेत म्हणून ही योजना आहे. ब्रह्मदेशात राजा मिंडोनने मंडाले येथे १८६८ साली पूर्ण करविलेल्या ७२९ संगमरवरी शिलांवर तर सबंध तिपिटक उभे आहे. ती पाने उलटता येत नाहीत, वाचकासच एका पानाकडून दुसऱ्याकडे चालत जावे लागते.

छापील पानाचा पत्ता

एकोणिसाव्या शतकात पाली ग्रंथ छापखान्यात गेले आणि समासाच्या कामात एक महत्त्वाची भर पडली. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स ह्यांनी १८८१ साली लंडन येथे पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली. सोसायटीने रोमन लिपीत तिपिटक छापले, आणि तिच्या आवृत्तीचा खंड व पृष्ठ हा जगभरच्या अभ्यासकांच्या दृष्टीने बुद्धवचनाचा पत्ता होऊन बसला. जो पत्ता शेकडो वर्षे वग्ग व सुत्त ह्यांच्या नावाने सांगितला जात होता, तो आता लंडनमधील एका छापखान्यात कोणती ओळ कोणत्या पानावर मोडली गेली ह्यावर अवलंबून राहू लागला. ह्यात दोष कोणाचा नाही. छापील ग्रंथाच्या प्रती सारख्या असतात, त्यामुळे पृष्ठांक हा सोयीचा पत्ता ठरतो, एवढेच.

परंतु निरनिराळ्या लिपींतील आवृत्त्यांची पृष्ठे जुळावयाची कशी? ह्या अडचणीवर समासानेच मार्ग दाखविला. भिक्खू जगदीश काश्यप ह्यांच्या प्रधान संपादकत्वाखाली नालंदा येथून १९५६ पासून देवनागरी लिपीत तिपिटकाचे ४१ खंड प्रसिद्ध झाले. त्या खंडांच्या समासात रोमन आणि ब्रह्मी आवृत्त्यांचे पृष्ठांक बारीक टाइपात दिलेले आहेत. ज्याच्या घरी लंडनची आवृत्ती असणे शक्य नव्हते, त्यालाही समासाकडे पाहून लंडनच्या पृष्ठाचा आधार देता येऊ लागला. खेड्यातील पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मिळालेली ही केवढी मोकळीक होती, ह्याची कल्पना आज सर्व काही पडद्यावर मिळणाऱ्या पिढीस कदाचित येणार नाही.

रंगून येथे १९५४ ते १९५६ ह्या काळात छट्ठ संगायन भरले होते. त्याच सुमारास, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. ह्या संगायनात निश्चित झालेला पाठ पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत १४० खंडांत छापला आणि १९९७ साली तबकडीवर आणला. संगणकावरील त्या पाठातही ब्रह्मी, लंडन, थाई आणि इगतपुरी अशा चार आवृत्त्यांच्या पृष्ठांची खूण ठेवलेली आहे. पडद्यावर तिपिटक आणणाऱ्यांनी समासातले आकडे टाकून दिले नाहीत, ते मजकुराच्या आत खोवले. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

समासाचे आणखी एक काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ते काम वाचकाचे. बाबासाहेब पुस्तक वाचीत ते हातात पेन्सिल घेऊनच, हे सर्वांस ठाऊक आहे. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई ह्यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) ह्या ग्रंथाची त्यांची स्वतःची प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या संग्रहात आहे, आणि तीत त्यांनी केलेल्या अधोरेखनांचा व खुणांचा आधार घेऊन अलीकडील अभ्यासकांनी बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयक विचारांची घडण तपासली आहे. ग्रंथकाराने काय लिहिले हे छापील मजकुरावरून कळते. बाबासाहेब कोठे थांबले, कशावर त्यांनी रेघ ओढली, हे त्या प्रतीवरूनच कळते. ज्या समाजास शतकानुशतके अक्षराला हात लावू दिला नाही, त्या समाजात जन्मलेल्या माणसाने जगद्विख्यात प्राध्यापकाच्या पानावर आपली खूण उमटवावी, आणि शंभर वर्षांनंतर विद्वानांनी ती खूण वाचीत बसावे, ही घटना आमच्या मते सामान्य नाही. ई-रीडरवरही अधोरेखन करता येते व टिपण जोडता येते. मात्र ते टिपण पानावर नसते, वेगळ्या नोंदीत साठवले जाते, आणि यंत्र बदलले वा पुस्तकाची फाइल नव्याने घेतली की मूळ जागेपासून तुटू शकते. म्हणून आपली टिपणे अधूनमधून वेगळी काढून ठेवावीत, एवढी सूचना येथे पुरे.

पडद्यावरील पान

आता ई-रीडरकडे वळू. सोनी कंपनीचे ई-रीडर २००६ साली अमेरिकेत आले, ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये. त्याच वर्षी ‘ईपब’ हा ई-पुस्तकांचा खुला नमुना मान्य झाला. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून. एका नमुन्यातील पुस्तक दुसऱ्या नमुन्यात नेण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे ‘कॅलिबर’ हे मुक्त सॉफ्टवेअर कोविद गोयल ह्यांनी २००६ पासून विकसित केले. आपल्याकडील बहुतेक हौशी ई-पुस्तके त्याच्याच साहाय्याने तयार होतात.

ई-पुस्तके दोन जातींची असतात, आणि दोहोंतील समासाचा प्रश्न सर्वस्वी भिन्न आहे. पहिली जात पीडीएफची. तीत छापील पानाचे जणू छायाचित्रच असते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’ ह्या मालेचे खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाने अशाच पीडीएफ स्वरूपात सर्वांस मोफत उपलब्ध करून दिले. ह्या उपकाराबद्दल दुमत नाही. परंतु सहा इंची ई-रीडरचा पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच असतो, आणि छापील पान त्याहून बरेच मोठे.

हिशेब करून पाहू. समजा, छापील पान १६ सेंटिमीटर रुंद व २४ सेंटिमीटर उंच आहे आणि त्यातील मजकुराचा चौकोन साडेअकरा बाय एकोणीस सेंटिमीटरचा आहे. संपूर्ण पान पडद्यावर बसविले तर ते जवळजवळ निम्मे होते, आणि १२ पॉइंटचे अक्षर सुमारे ६ पॉइंटचे दिसू लागते. एवढ्या आकारात देवनागरीचे रफार, अनुस्वार व जोडाक्षरे ओळखू येत नाहीत. चारही बाजूंचे समास छाटून केवळ मजकूर बसविला तर तेच अक्षर साडेसात पॉइंटच्या थोडे वर जाते. तरुण डोळ्यांना तेवढ्यावर भागवता येते. आणि यंत्र आडवे धरून मजकुराची रुंदी पडद्याच्या लांब बाजूशी जुळविली तर अक्षर मूळ आकाराचे, किंचित मोठेच मिळते, मात्र एक छापील पान तीन टप्प्यांत वाचावे लागते. वयस्क वाचकांस आम्ही हाच तिसरा मार्ग सुचवितो. अर्धे पान एका दृष्टिक्षेपात दिसत नाही म्हणून खंत करण्यापेक्षा ते स्पष्ट दिसलेले बरे.

समास छाटताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. छापील पुस्तकात शिवणीकडील आतला समास आणि बाहेरचा समास सारखे नसतात. डाव्या पानावर आतला समास उजवीकडे, उजव्या पानावर तो डावीकडे. म्हणून सम आणि विषम पानांची छाटणी वेगवेगळी करावी लागते. सर्वांस एकच माप लावले तर दर दुसऱ्या पानाच्या ओळींची आद्याक्षरे कापली जातात. हे सहज ध्यानात येते. दुसरी गोष्ट सहज ध्यानात येत नाही. समास आपोआप छाटणारी सॉफ्टवेअरे समासातील तुरळक आकड्यांना धूळ समजतात. नालंदा आवृत्तीच्या समासातले रोमन व ब्रह्मी पृष्ठांक अशा छाटणीत नाहीसे होऊ शकतात, पानाचा स्वतःचा क्रमांकही जातो, प्रसंगी तळटीपेची शेवटची ओळ जाते. मजकूर शाबूत दिसत असल्यामुळे वाचकास काही गेल्याचा पत्ताही लागत नाही. छाटणी नेहमी पडद्यापुरती, म्हणजे यंत्राच्या मांडणीत करावी. मूळ फाइलीवर करून तीच पुढे वाटू नये. अशी एकदा छाटलेली प्रत हातोहाती गेली की दहा वर्षांनी तीच मूळ म्हणून मान्यता पावते.

दुसरी जात प्रवाही मजकुराची. ईपब वा किंडलच्या पुस्तकात ठरीव पान नसतेच. अक्षराचा आकार, पडद्याची रुंदी, वाचकाची निवड ह्यांनुसार यंत्र ओळी नव्याने पाडते. येथे बाजूचा समास वाचकाच्या हाती असतो. अरुंद, मध्यम, रुंद असे पर्याय यंत्रातच दिलेले असतात. शिवाय सहा इंची ई-रीडरला भोवती जी चौकट असते तीच अंगठा ठेवण्याचे, म्हणजे छापील पुस्तकातल्या बाहेरच्या समासाचे काम करते. तरीही फाइल तयार करणारा छापील पुस्तकाची आठवण ठेवून मुख्य मजकुरास डावीकडे-उजवीकडे आपला समास देतो. परिणामी त्याचा समास आणि यंत्राचा समास ह्यांची बेरीज होते. किंडलच्या प्रकाशन-नियमांतही मुख्य मजकुरास असा बाजूचा समास देऊ नये असेच सांगितले आहे. म्हणून नियम असा की, मुख्य मजकुराचा बाजूचा समास शून्य ठेवावा. उरलेले यंत्र व वाचक पाहून घेतील.

उतारा, गाथा, सूची ह्यांना मात्र थोडे आत सरकवावे लागते. ते कोणत्या मापाने? ‘ईएम’ हे माप अक्षराच्या आकाराशी बांधलेले असते. अक्षर तिप्पट केले की समासही तिप्पट होतो. उताऱ्यास तीन ईएमचा समास दिला, आणि दृष्टी मंदावलेल्या आजीबाईंनी अक्षर मोठे केले, की पडद्याचा मोठा भाग कोरा राहून ओळीत दोन शब्द उरतात. लेखाच्या आरंभी ज्या दुखण्याचा उल्लेख केला त्याचे निदान हे असे आहे. म्हणून बाजूचा समास पडद्याच्या रुंदीच्या शेकड्यात द्यावा. पाच टक्के पुरतात. वरखालची जागा मात्र ईएममध्येच द्यावी, कारण परिच्छेदांतील अंतर अक्षराबरोबर वाढणेच योग्य असते. पिक्सेलमध्ये वा सेंटिमीटरमध्ये काहीही देऊ नये. ओळींमधील अंतर पिक्सेलने जखडून टाकल्याने पालीतील ‘अट्ठ’, ‘बुद्ध’ ह्यांसारख्या शब्दांतील खाली लोंबणारी जोडाक्षरे पुढच्या ओळीच्या वेलांटीत अडकलेली आम्ही कितीतरी पुस्तकांत पाहिली आहेत.

गाथांचा प्रश्न नाजूक आहे. गाथेची ओळ कवीने पाडलेली असते, यंत्राने नव्हे. ओळ पडद्याहून लांब झाली तर उरलेला भाग खालच्या ओळीत जातो आणि चार चरणांची गाथा सहा चरणांची दिसू लागते. ह्यावर जुना उपाय असा की, सबंध गाथेस थोडा डावा समास देऊन प्रत्येक चरणाचा आरंभ तेवढाच बाहेर काढावा. मग मोडलेला भाग आत सरकलेला दिसतो आणि चरण कोठे सुरू झाला हे डोळ्यास कळते. तसेच, अरुंद पडद्यावर दोन्ही कडा सरळ जुळविण्याचा हट्ट सोडावा. ‘पटिच्चसमुप्पाद’ किंवा ‘सम्मासम्बुद्धस्स’ एवढे लांब शब्द ओळीअखेर तोडण्याची सोय नसली तर यंत्र उरलेल्या शब्दांत मैदानाएवढे अंतर पाडते. उजवी कड ओबडधोबड राहू द्यावी. बाह्य रूपाचा मोह आवरावा. वाचन सुकर होते हे महत्त्वाचे.

पृष्ठ नाहीसे झाल्यावर

प्रवाही पुस्तकात पान नाही, म्हणून पृष्ठांक नाही, आणि पृष्ठांक ठेवण्यास समासही नाही. किंडलने त्याऐवजी ‘लोकेशन’ नावाचे आकडे आणले. पुस्तकाच्या फाइलीचे लहान-लहान तुकडे कल्पून त्यांना दिलेले ते क्रमांक आहेत. फाइल बदलली की ते बदलतात, आणि ज्याच्याजवळ छापील ग्रंथ आहे त्याला त्यांचा काडीइतकाही उपयोग नाही. तरीही अलीकडील काही शोधनिबंधांत बाबासाहेबांच्या वचनापुढे लोकेशनचा आकडा दिलेला आढळतो. बाबासाहेबांच्या नावावर न लिहिलेली वाक्ये खपविण्याचा उद्योग आज जोरात चालू असताना, तपासता न येणारा आधार म्हणजे आधार नसण्यासारखेच आहे.

ईपबच्या २०११ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ह्यावर तोड आहे. छापील पुस्तकाचे प्रत्येक पान जेथे सुरू होते तेथे न दिसणारी खूण ठेवून त्यांची पृष्ठसूची पुस्तकास जोडता येते. वाचकाने अक्षर कितीही मोठे केले तरी ‘छापील पृष्ठ २१७’ म्हटले की यंत्र त्याच जागी जाते. ‘लेखन आणि भाषणे’ मालेतील ज्या खंडांची प्रवाही ई-पुस्तके कोणी करील, त्याने ही सूची जोडल्यावाचून पुस्तक बाहेर देऊ नये असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. काम कंटाळवाणे आहे. पाचशे पानांच्या ग्रंथात पाचशे खुणा हाताने तपासाव्या लागतात. नालंदाच्या संपादकांनीही दोन-दोन आवृत्त्यांची पृष्ठे ओळीशी ओळ लावूनच जुळविली होती.

काही ग्रंथ मात्र ह्या संकटातून आपोआप सुटतात, कारण त्यांचा पत्ता पानावर अवलंबून नाही. धम्मपदाच्या ४२३ गाथा कोणत्याही पडद्यावर ४२३ च राहतात. ‘विसुद्धिमग्गा’चे उदाहरण तर आपणांस जवळचे आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी संपादन पूर्ण केलेली ह्या ग्रंथाची हार्वर्ड आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. तीत परिच्छेदांना क्रमांक आहेत. भिक्खू ञाणमोली ह्यांनी १९५६ साली कोलंबो येथे प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरात तेच क्रमांक स्वीकारले, आणि लंडन आवृत्तीचे पृष्ठांक चौकोनी कंसात मजकुराच्या आत घेतले. त्यामुळे त्या भाषांतराचे ई-पुस्तक झाले तेव्हा पत्ता हरवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ बाबासाहेबांनी खंड, भाग, प्रकरण अशा उतरंडीने रचला असून प्रत्येक प्रकरणातील वाक्या-वाक्यास, लहान परिच्छेदास, क्रमांक घातला आहे. आधारग्रंथांच्या तळटीपा मूळ पुस्तकात नव्हत्या; भदंत आनंद कौसल्यायन ह्यांनी हिंदी भाषांतर करताना पाली आधार हुडकून काढले. परंतु पत्ता मात्र ग्रंथकारानेच देऊन ठेवलेला होता. खंड, भाग, प्रकरण व क्रमांक एवढे सांगितले की इंग्रजी, हिंदी, मराठी कोणत्याही आवृत्तीत, कागदावर वा पडद्यावर, ते वचन हाती लागते. भाणकांनी सुत्तांचा पत्ता ज्या रीतीने सांभाळला त्याच रीतीशी ही रचना जुळते; बाबासाहेबांनी ती जाणूनबुजून तेथूनच घेतली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

ह्या ग्रंथाचे ई-पुस्तक करताना हे क्रमांक कोठे ठेवावयाचे, हा शेवटचा तांत्रिक प्रश्न उरतो. छापील पानावर क्रमांक समासाकडे किंचित बाहेर काढलेला शोभून दिसतो, आणि पुष्कळजण ई-पुस्तकातही ऋण माप देऊन तो तसाच बाहेर लटकवतात. अक्षर लहान असेतो तो दिसतो. अक्षर मोठे केले, विशेषतः तीन अंकी क्रमांक असला, की तो पडद्याच्या डाव्या कडेपलीकडे जाऊन कापला जातो. काही यंत्रे तर ऋण माप मानीतच नाहीत आणि क्रमांक पहिल्या शब्दावर चढवतात. म्हणून आम्ही तो समासात न ठेवता ओळीच्या आरंभी, मजकुराच्याच आकारात, पुढे एक न तुटणारी मोकळी जागा सोडून ठेवतो, म्हणजे क्रमांक एका ओळीत आणि वाक्य पुढच्या ओळीत असे होत नाही.